खर्ज, गंधार आणि रबरी टोपी

पाचशे रुपयांचा इअरफोन घेताना कुणी फारसा विचार करत नाही. आवडला नाही तर पडून राहतो, नाहीतर घरातलं एखादं पोर उचलून नेतं. पण वीस हजार, पन्नास हजार किंवा लाख रुपये मोजायची वेळ आली की माणूस चार जणांना विचारतो. माझ्याकडे कुणी असं विचारायला आलं, तर मी पहिल्यांदा एकच सांगतो. दुकानाची पायरी चढण्याआधी खऱ्या तंबोऱ्याशेजारी दहा मिनिटं बसून या.

पुण्याच्या शनिवार पेठेत राहणाऱ्याला हे अवघड नाही. पं. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय मेहुणपुऱ्यात आहे. तिथून हाकेच्या अंतरावर रमणबाग शाळा. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव कित्येक वर्षं या रमणबागेच्या पटांगणावर भरत असे. आता तो मुकुंदनगरला होतो, पण पेठेतल्या दोन-तीन पिढ्यांचे कान डिसेंबरच्या थंडीत, शाल गुंडाळून, याच पटांगणावर तयार झाले. तरीही कानाला मापदंड हवा असेल तर महोत्सव पुरत नाही. तिथे सूर माइक आणि स्पीकरमधून आपल्यापर्यंत येतो. मापदंड म्हणून मध्ये काहीच नसलेला सूर हवा. बंद खोली हवी, आणि हातभर अंतरावर तंबोरा.

तंबोराच का, ते नीट सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

काळी एकमध्ये लावलेला पुरुषांचा तंबोरा घ्या. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. आजच्या पेटीच्या मापाने जोडाची तार साधारण १३९ हर्ट्झला बोलते, पंचमाची १०४ ला आणि खर्जाची ६९ ला. ही झाली मूळ कंपनं. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा किंचित गोलसर घासतात. तार त्या उतारावर सतत टेकत आणि सुटत राहते. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून एका नेमक्या जागी आणला की तार एकदम उघडते. हीच जवारी. एका तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर फुलत जातात, आणि त्यांची झिलई कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोचते. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो. तो गंधार असतो. कुणी न छेडलेला, तरी खोलीत स्पष्ट उभा राहिलेला. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

म्हणजे या एका वाद्यात खालचा भार आहे, मधला गळा आहे आणि वरची झळाळी आहे. शिवाय ते मिनिटभर, दहा मिनिटं तसंच वाजत राहतं. इअरफोन बदलून बदलून ऐकायचे तर आवाज स्थिर हवा. सिनेमाच्या गाण्यात दर चार सेकंदांनी काहीतरी नवीन घडतं. आपण त्या घडण्याला भुलतो आणि आवाजाचा पोत हातचा निसटतो.

आता तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि कानात इअरफोन घाला. सगळ्यात आधी मी खर्ज बघतो. इथे एक चकवा आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ येतच नाहीत, तरी खर्ज ‘ऐकू’ येतो. १३८, २०७, २७६ असे वरचे उपस्वर कानावर पडले की मेंदू त्यांच्यामधलं अंतर ओळखतो आणि गायब असलेली मूळ तार स्वतः भरून काढतो. म्हणून नुसता खर्ज ओळखू आला म्हणजे तो वाजला, असं नाही. त्याला बैठक आहे का, तार सुटल्यावर त्याच्या मागे हवेचा हलका दाब जाणवतो का, हे बघायचं. मग गंधार. खालचा आवाज फुगवलेला असेल तर खर्ज सगळं पांघरून घेतो आणि गंधार बुडतो. शेवटी जवारी. चांगल्या इअरफोनवर ती रेशमासारखी सरकते. वरचा पट्टा चढवलेला असेल तर तीच जवारी वाळूसारखी टोचते. दोन मिनिटांत कळत नाही, पण दहाव्या मिनिटाला कपाळावर आठी येते. ती आठी खरं सांगते.

हे सगळं करण्याआधी मात्र रबरी टोपी. दुकानदार तिला टिप म्हणतात. मला वाटतं, महागड्या इअरफोनबद्दलच्या निम्म्या तक्रारी या दहा-वीस रुपयांच्या वस्तूपाशी येऊन थांबतात.

आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरून उघडी, आतून पडद्याने बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती जशी आपल्या स्वरात घुमते, तशी ही नळी तीन हजार हर्ट्झच्या थोडं खाली घुमते आणि त्या भागातला आवाज दहा डेसिबलहून अधिक वाढवून पडद्याला देते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलो आहोत. टोपी घालून नळी बंद केली की ही नैसर्गिक घुमण जाते. ती इअरफोन बनवणाऱ्याला मुद्दाम परत घालावी लागते. म्हणून अशा नळीत बसणाऱ्या इअरफोनच्या, म्हणजे इन-इअरच्या, स्वरपट्ट्याच्या आलेखात तीन हजारांपाशी उंचवटा दिसला तर दचकू नये. तिथे सपाट रेघ असती, तर गाणारा गोधडीआडून गातोय असं वाटलं असतं. तो उंचवटा किती असावा, याच्यावर शॉन ऑलिव्ह आणि हरमन कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच श्रोत्यांना ऐकवून ऐकवून काम केलं. आज ‘हरमन टार्गेट’ म्हणून जी रेघ आलेखांवर दिसते, ती त्यातून आली.

टोपी नळीत नीट बसली नाही, बारीकशी फट राहिली, की पहिला बळी खर्जाचा. खालच्या कंपनांना बंद पोकळी लागते. फटीतून दाब निसटला की आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. तपासायची युक्ती सोपी आहे. तंबोरा लावून बोटाने इअरफोन हळूच आत दाबा. खर्ज एकदम वाढला, तर टोपी लहान आहे किंवा वाकडी बसली आहे. दोन्ही कान वेगवेगळे तपासा. माझ्या डाव्या कानाला मधली टोपी लागते, उजव्याला लहान. कित्येक वर्षं मी दोन्हीकडे मधलीच घालत होतो. तंबोरा मला कायम डावीकडे झुकलेला वाटायचा आणि मी दोष रेकॉर्डिंगला द्यायचो.

फोमच्या टोप्या दाबून घातल्या की आत फुगतात आणि फट चांगली भरतात, पण वरची झळाळी थोडी पितात आणि काही महिन्यांत मळतात. सिलिकॉन धुता येतो. कुठली चांगली, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण इअरफोन ऐकायला जाताना तीन मापांच्या टोप्या खिशात ठेवा.

आलेखांबद्दल आणखी एक. आठ हजार हर्ट्झच्या आसपास बहुतेक आलेखांत एक सुळका दिसतो. तो पुष्कळदा मोजणाऱ्या यंत्राच्या नळीचा असतो. इअरफोन किती आत घातला, यावर तो पुढेमागे सरकतो. तुमच्या कानात तो दुसरीकडेच असेल. म्हणून तीन-चार हजारांपर्यंत आलेखावर बऱ्यापैकी भरवसा ठेवावा, त्याच्या वरचं आपल्या कानाने ठरवावं.

त्या वरच्या भागासाठी मराठीनेच आपल्याला एक चाचणी देऊन ठेवली आहे. ‘चहा’ आणि ‘चमचा’ म्हणून बघा. ‘चार’ आणि ‘चाक’. लिहिताना च एकच, बोलताना दोन. चहातला च टाळूवरचा. त्याच्या घर्षणाचा जोर साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या भागात असतो. चमच्यातला च दातांजवळचा. त्यात स सारखी धार असते, आणि ती पाच-सहा हजारांच्या वर चढते. एखादं मराठी कथावाचन किंवा आकाशवाणीवरचं जुनं भाषण लावा. दोन्ही च सहज वेगळे उमटले आणि एकही टोचला नाही, तर वरचा पट्टा ठीक आहे. प्रत्येक चमचा, साखर, सोसाट्याचा वारा कानात सुईसारखा घुसत असेल, तर तो इअरफोन कितीही ‘तपशीलवार’ म्हणून नावाजलेला असो, रोज दोन तास ऐकवणार नाही. वाद्यं कशी वाजावीत यावर आपलं मत डळमळीत असू शकतं. आपल्या भाषेचे उच्चार मात्र कानाला जन्मापासून पाठ असतात.

वरचा पट्टा किती हवा, हे तुम्ही काय ऐकता यावरही आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं फारसं नाही, उरते ती सुईची खरखर. वरचा पट्टा उजळ केलेला महागडा इअरफोन ती खरखरच पुढे आणून ठेवतो. तुम्ही दिवसभर जुनं ऐकणारे असाल तर तुमची निवड वेगळी असायला हवी. हे दुकानात आपण होऊन कुणी विचारत नाही.

आवाजाची पातळी हाही एक मोठा फसवा मामला. दोन इअरफोन एकामागोमाग ऐकले आणि त्यातला एक जेमतेम एक-दोन डेसिबलने मोठा असला, तर आपल्याला तो मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असल्यामुळे फोनवरचा आकडा तोच ठेवून तुलना करणं व्यर्थ आहे. गाणाऱ्याचा आवाज दोन्हींत सारखा येईल एवढा तो आधी जुळवून घ्यावा, मगच मत बनवावं. शिवाय, रात्री घरात ज्या हळू आवाजात ऐकणार त्याच आवाजात दुकानातही ऐकावं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर अधिक वेगाने विरळ होत जातात. मोठ्या आवाजात भरदार वाटलेला इअरफोन रात्री अकराला पोरका वाटू शकतो.

किमतीचं काय? येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन मोजून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की हेडफोनचा स्वरपट्टा कसा आहे आणि त्याची किंमत किती आहे, यांचा एकमेकांशी संबंध सापडत नाही. याचा अर्थ महाग ते सगळं फुकट, असा नाही. बांधणी, डाव्या-उजव्याचं जुळणं, जोरात वाजवतानाही आवाज न फाटणं, यांना पैसे पडतात. पण ‘आत बारा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, आहेत’ हे ऐकून भाळू नये. शुअरच्या एसई८४६ मध्ये चार ड्रायव्हर आहेत, तर सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये फक्त एक, सात मिलिमीटरचा. तो २०२१ मध्ये साधारण १३०० डॉलरना आला. ड्रायव्हर मोजून गाणं कळत नाही. बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे जे चिमुकले ड्रायव्हर आज महागड्या इन-इअरमध्ये डझनाने बसवतात, ते मुळात श्रवणयंत्रांसाठी बनत होते. एटिमोटिक कंपनीने त्यातला एक घेऊन १९९१ मध्ये ईआर-४ काढला, आणि त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या लोक आजही आवडीने ऐकतात. स्टेजवरचं घराणं वेगळं. जेरी हार्वी यांनी १९९५ मध्ये व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानात घालायचे मॉनिटर बनवले. आज भावगीतांच्या कार्यक्रमात गायकाच्या कानात कानाच्या साच्याप्रमाणे घडवलेला जो तुकडा दिसतो, तो त्याच वंशातला.

ड्रायव्हर पुष्कळ असले की त्यांचा एकत्रित विद्युतरोध प्रत्येक स्वराला बदलतो. अशा इअरफोनला जास्त आउटपुट रोध असलेलं यंत्र जोडलं की आवाजाचा तोलच ढळतो. यंत्राचा रोध इअरफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम. चांगला साधा डोंगल बहुतेक वेळा पुरतो. त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा घ्यायची घाई करू नये.

आता रस्त्यावर येऊ.

ओंकारेश्वरापासून वीर मारुतीकडे, तिथून अप्पा बळवंत चौकात चालत जायचं. रस्ता अरुंद, दुचाक्या दोन्ही बाजूंनी, मधेच पुस्तकांचे गठ्ठे लादलेली हातगाडी. इथे महागड्या इन-इअरची दुसरी परीक्षा होते. तंबोऱ्याला ती माहीत नसते. नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने तरी खाली आणते. एटिमोटिकच्या तिहेरी टोपीला कंपनी ३५ ते ४२ डेसिबलचा आकडा देते. घरात हे वरदान. चौकात मात्र मागून येणारा हॉर्नही तितकाच खाली जातो. मी रस्ता ओलांडताना दोन्ही काढतो. गाडीवर तर घालूच नये.

कान बंद झाल्यावर आपलं शरीर मोठं ऐकू येतं. पावलांचे ठोके, गिळणं, स्वतःचा आवाज. हाडांतून नळीत येणारी खालची कंपनं एरवी बाहेर निघून जातात, आता ती आत कोंडतात. घेण्याआधी इअरफोन घालून मूठभर चिवडा खाऊन बघा. हे मी गंभीरपणे सांगतोय. ऑफिसात कानात घालून डबा खाणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हे कळतं. टोपी जितकी आत, हाडाच्या भागापर्यंत, तितका हा त्रास कमी, पण तेवढं आत सगळ्यांना सोसत नाही.

वायर शर्टाला घासली की तिची खसखस थेट कानात येते. म्हणून वायर कानावरून मागे नेऊन घालायची पद्धत पडली. चष्म्याची काडी तिथेच असते. चष्मा असलेल्याने चष्मा लावूनच बसवून बघावं. वजन तर बघावंच. मी एकदा धातूच्या सुंदर शरीराचा एक इअरफोन घेतला होता. दुकानात पंधरा मिनिटं अप्रतिम वाटला. घरी चाळिसाव्या मिनिटाला कानाच्या वाटीत ठणका सुरू झाला. आवाज आजही आठवतो, पण तो वर्षभर कपाटात राहिला आणि शेवटी मी तो निम्म्या किमतीला देऊन टाकला. तेव्हापासून मी दुकानात खुर्ची मागतो आणि तासभर उठत नाही.

ब्लूटूथचा प्रश्न हटकून येतो. सोनीचा एलडॅक कोडेक जास्तीत जास्त ९९० केबीपीएस देतो, पण गर्दीत, सिग्नल अडखळला की तो खालच्या पायरीवर उतरतो. आयफोनवर तर तो चालतच नाही. बसमध्ये, गोंगाटात हा फरक कानाला क्वचितच कळेल. माझी अडचण बॅटरीची आहे. वायरचा चांगला इअरफोन दहा वर्षं चालतो, वायर तुटली तर फक्त वायर बदलायची. बिनवायरीच्या कानातली बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बहुधा बदलता येत नाही. लाखभर देताना हे डोक्यात असावं. ज्याला दिवसभर फोन घ्यायचे आहेत आणि चालताना वायर नकोच आहे, त्याने मात्र निःसंकोच बिनवायरीचा घ्यावा. कपाटातल्या उत्तमापेक्षा कानातला बरा.

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. संध्याकाळी पेठेत भिंती हलतात. पथकात वाजवणारा शेजारचा एक मुलगा सरावाहून थेट माझ्याकडे इअरफोन ऐकायला आला आणि म्हणाला, “काका, याचा वरचा आवाज गेलाय.” मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर होतात, आणि वरचे स्वर आधी जातात. सकाळी तोच इअरफोन त्याला झळझळीत वाटला. त्याला मी एक आकडा पाठ करायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. ढोल वाजवताना कानात बोळे, आणि इअरफोनमध्ये आवाज खाली. टोपी घट्ट बसली तर बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवावाच लागत नाही. इन-इअरचा हा गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पावसाळ्याचं तेवढं सांगायचं राहिलं. घाम आणि दमट हवा यांनी तांब्याची वायर आतून हिरवी पडते. कानातला मळ जाळीत बसतो आणि एक बाजू हळूहळू मंद होत जाते. लोक ड्रायव्हर गेला म्हणून हळहळतात, पण पुष्कळदा नुसती जाळी बदलली की आवाज परत येतो. मी रोज रात्री टोप्या काढून कोरड्या फडक्याने पुसतो. उजवी लहान आणि डावी मधली यांची गल्लत होऊ नये म्हणून उजवीच्या आतल्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मग दोन्ही एका स्टीलच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत. एरवी ती डबी तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात असते.